मणक्याचं दुखणं: ऑपरेशनच्या आधी काय काय करायचं, आणि कोणत्या क्रमानं

कंबरेत निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत उतरली की बहुतेक माणसं आधी आडवी पडतात आणि मग घाबरतात. मीही तेच केलं होतं. माझी कंबरेतल्या मणक्यांमधली शेवटची गादी सरकली तेव्हा मी सलग बारा दिवस अंथरुणात काढले. उठलो तेव्हा पाठ लाकडासारखी ताठ झाली होती आणि पायातली कळ होती तिथेच होती. त्यानंतरचे चार महिने मला जे उमगत गेलं, ते पहिल्याच दिवशी कोणी क्रमानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून हा लेख त्या क्रमानं लिहितो आहे.

सगळ्यात आधी: धोका नाही ना, ते बघा

लघवी अडकते आहे का, किंवा नकळत होते आहे का? शौचावरचा ताबा सुटला आहे का? सायकलच्या सीटला शरीराचा जो भाग टेकतो, म्हणजे मांड्यांची आतली बाजू आणि गुदद्वाराभोवतीची जागा, तिथे बधिरपणा आला आहे का? दोन्ही पायांतली ताकद झपाट्यानं कमी होते आहे का? यातल्या एका जरी प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर पुढे वाचत बसू नका, तडक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेल्याची ही लक्षणं असू शकतात. तसं असेल तर शस्त्रक्रिया लगेच करावी लागते आणि उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

काही गोष्टी इतक्या तातडीच्या नसतात, पण त्या घरी अंगावर काढू नयेत. पाठदुखीबरोबर ताप किंवा रात्रीचा घाम, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान, आणि कुठल्याच कुशीवर चैन पडू न देणारं रात्रीचं दुखणं. यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांची तपासणी, मग व्यायाम.

आणखी एक साधी चाचणी. भिंतीजवळ उभं राहून आधाराला हात ठेवा. चवडे उचलून टाचांवर दहा पावलं चाला, मग टाचा उचलून चवड्यांवर दहा पावलं. एका पायाचा चवडा उचलला जात नसेल, किंवा एका पायावर टाच उचलताच येत नसेल, तर त्या पायाला जाणाऱ्या नसेची ताकद कमी झाली आहे. ही चाचणी दुखणं असेपर्यंत रोज करा. दुखणं कमी-जास्त होतच राहतं, पण ताकद घटायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दुखण्याची चाल ओळखा

आपल्या कंबरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये एकेक गादी. शरीराचा भार सगळ्यात जास्त पेलणाऱ्या खालच्या दोन गाद्याच, म्हणजे एल४-एल५ (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) आणि एल५-एस१ (पाचवा मणका आणि त्याखालचं हाड यांच्यामधली), सर्वाधिक वेळा सरकतात. पण प्रत्येक कंबरदुखी गादीचीच असते असं नाही, आणि उपाय कारणाप्रमाणे बदलतात.

बसल्यावर, पुढे वाकल्यावर, शिंकल्या-खोकल्यावर कळ वाढते, उभं राहिलं किंवा चाललं की जरा बरं वाटतं, आणि कळ एका पायात गुडघ्याच्याही खाली जाते: हे बहुधा गादीचं दुखणं. याउलट, साधारण पन्नाशीनंतर, थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, जड होतात, आणि बसलं किंवा पुढे झुकलं की दोन मिनिटांत मोकळे होतात: हे मणक्याची नळी, म्हणजे नसा जिच्यातून खाली जातात ती पोकळी, अरुंद झाल्याचं लक्षण. अशी माणसं ढकलगाडीवर रेलून लांबवर चालू शकतात, सायकलही चालवू शकतात, पण ताठ उभं राहणं त्यांना जड जातं. मागे वाकलं की कंबरेतच दुखतं आणि पायात फारसं उतरत नाही, तेव्हा मणक्यांमागचे छोटे सांधे कुरकुरत असतात.

एक प्रकार मात्र वेगळा काढायला हवा. वय पंचेचाळीसच्या आत आहे, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ आखडलेली असते, हालचाल केली की सुटते आणि विश्रांती घेतली की वाढते, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं आहे. हा सांध्यांचा दाहक आजार असू शकतो. त्यासाठी संधिवाततज्ज्ञांकडे जा. त्याची औषधं वेगळी असतात आणि ती वेळेवर सुरू झालेली बरी.

एमआरआयच्या कागदाला किती घाबरायचं

कागदावर ‘झीज’, ‘फुगवटा’, ‘नसेला स्पर्श’ असे शब्द दिसले की माणूस चालायलाही बिचकतो. १९९४ साली कंबरदुखी अजिबात नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढून पाहिले होते. त्यातल्या ५२ टक्के लोकांची निदान एक गादी फुगलेली होती आणि २७ टक्क्यांची बाहेर आलेली होती, तरी दुखणं कोणालाच नव्हतं. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यानुसार दुखणं नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसते. केस पांढरे होतात तशा गाद्याही सुकतात.

म्हणून एमआरआय कधी काढायचा? वर सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील तेव्हा, ताकद कमी होत असेल तेव्हा, किंवा सहा आठवडे नीट उपाय करूनही फरक पडला नाही आणि इंजेक्शन वा शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला तेव्हा. काढल्यावरही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: चित्रात दिसणारी जागा आणि माझी कळ जाते ती जागा जुळते का? डाव्या बाजूची गादी फुगली आहे आणि दुखतो उजवा पाय, अशा वेळी चित्र कितीही भीतीदायक असलं तरी दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

आणि एक दिलासा: बाहेर आलेली गादी शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेऊ शकतं. नवल म्हणजे, मोठा आणि सुटा झालेला तुकडा छोट्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो, कारण तो रक्तपुरवठ्याच्या संपर्कात येतो आणि शरीर त्याला परका समजून साफ करतं.

पहिला आठवडा

माझे बारा दिवस फुकट गेले असं मी म्हणतो त्याला आधार आहे. १९८६ च्या एका प्रयोगात कंबरदुखीच्या २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात राहायला सांगितलं होतं. सात दिवसवाल्यांना जास्त आराम काही पडला नाही, उलट कामावर परतायला मात्र जास्त दिवस लागले. तेव्हा फार तर एक-दोन दिवस, तेही तासातासानं उठत.

पडायचं कसं, हेही महत्त्वाचं आहे. उताणे पडून पोटऱ्या खुर्चीवर किंवा उशांच्या ढिगावर ठेवा, गुडघे आणि खुबे काटकोनात. नाहीतर कुशीवर, दोन गुडघ्यांत उशी. पंधरा-वीस मिनिटं झाली की उठा आणि खोलीतल्या खोलीत दोन-तीन मिनिटं चाला. अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नका: आधी कुशीवर वळा, पाय कडेखाली सोडा, आणि हातांनी अंग वर ढकला. शिंक येतेय असं वाटलं तर गुडघे किंचित वाकवून एक हात टेबलावर किंवा भिंतीवर टेकवा. कळ कमी येते.

गरम शेक पंधरा-वीस मिनिटं घ्या, त्यानं आखडलेले स्नायू सैल होतात. बर्फानं बरं वाटत असेल तर बर्फ चालेल. बधिर जागेवर मात्र दोन्ही टाळा, भाजलेलं कळत नाही.

तुमच्या पाठीला कोणती दिशा मानवते

माझ्या मते सगळ्या उपायांत हाच भाग सर्वात मोलाचा आहे, आणि याच्याकडेच सर्वात कमी लक्ष दिलं जातं.

१९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाय दुखणारा एक रुग्ण येत होता. एकदा मॅकेन्झींनी त्याला पालथं पडायला सांगितलं आणि ते दुसरीकडे गुंतले. आधीच्या रुग्णासाठी पलंगाची डोक्याकडची बाजू उचललेली होती, ती तशीच राहिली. परत येऊन बघतात तो रुग्ण कंबरेतून मागे वाकलेल्या अवस्थेत पडलेला, आणि सांगतो की इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पायातली कळ गेली आहे. या घटनेतून एक नियम पुढे आला: कोणत्या हालचालीनं दुखणं पायाकडून कंबरेकडे सरकतं ते शोधा. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, कुल्ल्यातून कंबरेत आली तर दिशा बरोबर आहे, मग कंबरेत थोडं जास्त दुखलं तरी हरकत नाही. कळ खाली पावलाकडे जायला लागली तर दिशा चुकली, लगेच थांबा.

गादीच्या दुखण्यात बऱ्याच जणांना मागे वाकण्याची दिशा मानवते. ती अशी तपासा. जमिनीवर सतरंजी घालून पालथे पडा, हात अंगालगत, मान एका बाजूला. दोन-तीन मिनिटं नुसतं श्वास घेत राहा. काही जणांना सुरुवातीला एवढंच झेपतं. मला पहिले दोन दिवस पोटाखाली उशी घ्यावी लागली होती. मग कोपरांवर या, छाती उचलली जाईल पण कंबर सैल सोडा, पुन्हा दोन-तीन मिनिटं. हे जमलं आणि पायातली कळ वाढली नाही, तर तळहात खांद्यांखाली टेकून हात हळूहळू सरळ करा. ओटीपोट जमिनीलाच टेकलेलं हवं आणि पार्श्वभागाचे स्नायू सैल. वर जाऊन क्षणभर थांबा, खाली या. असं दहा वेळा. दिवसभरात दर दोन-तीन तासांनी एकदा, म्हणजे पाच-सहा वेळा. एका दिवसात एकदा पन्नास वेळा करण्यानं हे साधत नाही, वारंवारता महत्त्वाची.

मणक्याची नळी अरुंद झालेल्यांना हा व्यायाम मानवत नाही. त्यांनी उताणे पडून आधी एक, मग दोन्ही गुडघे छातीशी घ्यावेत, दहा-पंधरा सेकंद धरावेत, असं आठ-दहा वेळा. किंवा खुर्चीत बसून हळूच पुढे वाकून हात पावलांकडे न्यावेत. मणका पुढे सरकलेला असेल तर मागे वाकण्याचे व्यायाम तज्ज्ञाला विचारूनच. आणि हाडं ठिसूळ होऊन मणका दबलेला असेल तर पुढे वाकण्याचे व्यायाम वर्ज्य, त्यानं आणखी एखादा मणका दबू शकतो.

पाठदुखीत अनेक जण मांडीमागचे स्नायू ताणायला घेतात, पाय सरळ करून अंगठे धरतात. नस चिडलेली असताना हे करू नका. जे ताणलं जातंय असं वाटतं ते पुष्कळदा स्नायू नसून तीच सुजलेली नस असते.

या टप्प्यावर चांगला फिजिओथेरपिस्ट मिळाला तर उत्तम. चांगला कसा ओळखावा? तो तुम्हाला पुढे, मागे, बाजूला वाकवून बघतो, प्रत्येक वेळी ‘आता कळ कुठे आहे?’ विचारतो, आणि घरी करायचं काम देतो. नुसतं यंत्र लावून वीस मिनिटं झोपवून ठेवणाऱ्याकडे पैसे घालवू नका.

चालणं

सपाट जागी, तुमच्या सोयीच्या वेगानं, हात मोकळे हलवत. सुरुवातीला एका दमात अर्धा तास चालण्याचा हट्ट नको. पाच किंवा दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. कळ खाली उतरायला लागायच्या आधी थांबा. दर तीन-चार दिवसांनी दोन-दोन मिनिटं वाढवा. आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटांपर्यंत पोहोचायचं आहे, मग त्याला दोन महिने लागोत की चार. चालणं नळीच्या दुखण्यामुळे जमत नसेल तर स्थिर सायकल किंवा पाण्यातला व्यायाम हे चांगले पर्याय आहेत.

ताकदीचे तीन व्यायाम

पायातली कळ बरीच ओसरली की, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून. कॅनडातले मणक्याच्या यांत्रिकीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी मणक्यावर कमी भार टाकून भोवतीचे स्नायू मजबूत करणारे तीन व्यायाम निवडले, ते आता जगभर शिकवले जातात.

पहिला: उताणे पडा, एक गुडघा वाकवलेला, दुसरा पाय सरळ. दोन्ही हात कंबरेच्या नैसर्गिक पोकळीखाली ठेवा म्हणजे ती सपाट होणार नाही. आता डोकं आणि खांदे जमिनीपासून जेमतेम उचला, मान न वाकवता. दुसरा: कुशीवर पडून कोपरावर टेका, गुडघे वाकवलेले, आणि कंबर उचलून अंग खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एका रेषेत आणा. दोन्ही बाजूंनी. तिसरा: रांगण्याच्या स्थितीत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा, मग उलट. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला आहे आणि तो सांडायचा नाही, अशी कल्पना करा.

प्रत्येक स्थिती आठ ते दहा सेकंद, त्याहून जास्त नको. आधी सहा वेळा, थोडी विश्रांती, मग चार वेळा, मग दोन वेळा. श्वास रोखायचा नाही. सकाळी उठल्या उठल्या करू नका, त्याचं कारण पुढच्याच भागात आहे. पोटासाठी पूर्ण उठून बसण्याचे जुने व्यायाम कायमचे सोडून द्या, गादीवर त्यांचा दाब फार येतो.

दिवसभराच्या सवयी

रात्रभर आडवं राहिल्यानं गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा एक-दीड सेंटिमीटर जास्त असते. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते. जुनाट कंबरदुखी असलेल्या लोकांवर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सकाळच्या वेळी पुढे वाकणं टाळल्यानंतर त्यांचे दुखण्याचे दिवस कमी झाले. उठल्यानंतरचा पहिला तास-दीड तास ओणवं होऊन झाडू मारणं, जड बादली उचलणं टाळा. चेहरा धुताना एक हात बेसिनवर टेका. मोजे बसून, पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन घाला.

उचलताना वस्तू अंगाला चिकटवा, खुब्यातून आणि गुडघ्यातून वाका, आणि वजन हातात असताना कंबर पिळू नका; वळायचं असेल तर पावलं वळवा. बसायचं असेल तर दर वीस-तीस मिनिटांनी उठा. एकच ‘आदर्श’ बैठक शोधण्यात वेळ घालवू नका, बदलत राहणं जास्त उपयोगाचं. कंबरेच्या पोकळीत गुंडाळलेला टॉवेल ठेवला तर खुर्ची बरी वाटते.

फळीवर झोपण्याचा सल्ला अजून दिला जातो. २००३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांवर झालेल्या प्रयोगात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम मिळाला. धूम्रपान करत असाल तर सोडा. मणक्याच्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, तिचं पोषण आजूबाजूनं झिरपून होतं, आणि धुरानं तेही आटतं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्यानं नसेवरचा दाब वाढतो.

गोळ्या, पट्टा, इंजेक्शन

आयब्युप्रोफेन, नेप्रॉक्सेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी थोडा आराम पडतो. त्या जेवणानंतर, कमीत कमी मात्रेत आणि थोडेच दिवस घ्याव्यात. अल्सर, मूत्रपिंडाचा वा हृदयाचा आजार, रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. पॅरासिटामॉल निरुपद्रवी म्हणून घेतलं जातं, पण २०१४ मध्ये १६०० हून अधिक रुग्णांवर पाहिलं तेव्हा नव्या कंबरदुखीत ते औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. सायटिकासाठी, म्हणजे नस दाबली जाऊन कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेसाठी, सर्रास दिलं जाणारं प्रीगॅबालिन हे औषध २०१७ च्या चाचणीत खोट्या गोळीइतकंच ठरलं, आणि चक्कर मात्र जास्त आली. अफूवर्गीय वेदनाशामकांचाही २०२३ च्या चाचणीत फायदा दिसला नाही. तुम्ही यातलं काही आधीच घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करा.

विशेष कारण न सापडलेल्या, तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणं, मसाज, मानसोपचाराच्या काही पद्धती यांना त्यात स्थान आहे. कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन (कंबर ओढून ताणणं) आणि अल्ट्रासाउंडचा शेक सरसकट देऊ नये असं त्यात म्हटलं आहे. पट्टा मी स्वतः प्रवासापुरता वापरला, आणि घरी आलो की काढून ठेवला. चोवीस तास बांधलेल्या पट्ट्यानं स्नायू आळसावतात.

पायातली कळ झोपूच देत नसेल तर मणक्याजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन हा मधला मार्ग आहे. सरकलेल्या गादीच्या सायटिकात त्यानं काही आठवडे आराम मिळू शकतो आणि तेवढ्यात व्यायाम सुरू करता येतो. अरुंद नळीच्या दुखण्यात मात्र २०१४ च्या मोठ्या चाचणीत नुसत्या भुलीच्या औषधापेक्षा स्टेरॉइडचा फारसा जास्त उपयोग झाला नाही.

किती थांबायचं

साध्या कंबरदुखीत चार ते सहा आठवड्यांत आणि सायटिकात सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांना लक्षणीय फरक पडतो. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या २८३ सायटिका-रुग्णांच्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची पायदुखी झपाट्यानं कमी झाली, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झालेले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली, हेही तितकंच खरं. तेव्हा ताकद टिकून असेल तर बारा आठवडे प्रामाणिकपणे द्या. त्यानंतरही कळ असह्य असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करण्यात कसलाही पराभव नाही.

या काळात एक वही ठेवा. रोज रात्री तीन ओळी: कळ आज सर्वात खाली कुठवर गेली, किती मिनिटं चाललो, टाच-चवडा चाचणी जमली का. दुखण्याला दहापैकी गुण देण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. दुखणं तेवढंच वाटत असतं, पण वही सांगते की तीन आठवड्यांपूर्वी कळ घोट्यापर्यंत जात होती आणि आता मांडीतच थांबते. झोप उडालेल्या, घाबरलेल्या माणसाला दुखणं खरोखरच जास्त जाणवतं, आणि माझी भीती सगळ्यात जास्त कमी केली ती या वहीनं.

परत उसण भरली तर

भरते, बऱ्याच जणांना भरते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७०१ जणांच्या अभ्यासात, बरं झाल्यावर नियमानं चालत राहिलेल्यांना पुढचं दुखणं साधारण २०८ दिवसांनी आलं, काहीच न केलेल्यांना ११२ दिवसांनी. तेव्हा बरं वाटलं म्हणून चालणं सोडू नका. आणि तरीही एखाद्या सकाळी कंबर धरलीच, तर पहिल्यापासून सुरू करा: धोक्याचे प्रश्न, टाचांवर दहा पावलं, चवड्यांवर दहा पावलं, मग सतरंजी घालून पालथे पडा आणि कळ कुठे सरकते ते बघा.